ब्रॅमवेल कंपनीचा डबा

वेदिका गाडी घेऊन भिवापूरकडे निघाली त्याला दीड तास झाला होता आणि आम्ही दोघं म्हातारे नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या गॅरेजात चहा घेत बसलो होतो. दुसरे म्हणजे मनोहरराव, वेदिकाचे आजोबा. गाडी त्यांचीच, ब्रॅमवेल कंपनीची, विलायतेहून आलेली. जुन्या गाड्यांच्या फेरीत नात ती चालवणार म्हणून ते सकाळपासून फुलून गेले होते.

"आमची कंपनी म्हणजे काय होती, वसंता!" तरुणपणी त्यांनी ब्रॅमवेलच्या नागपुरातल्या शोरूममध्ये कारकुनी केली होती. कंपनी बुडून जमाना झाला, तरी ते 'आमची'च म्हणत. "ब्रॅमवेल मूळचा सायकलवाला. त्यानं मोटार काढली, मग शेजारचा कारखाना घेतला, मग आणखी एक. शेवटी कारखाने पाच, बोर्ड एक. अर्ध्या जगात गाड्या जायच्या."

"मंग बुडाली काहून?"

"पाच भाऊ एकत्र आले, पण चुली पाच ठेवल्या. तीच गाडी वेगवेगळ्या नावांनी विकायचे, एकमेकांचंच गिऱ्हाईक ओढायचे. इंजिनं वेगळी, हट्ट वेगळे. रोज संप. तेवढ्यात जपानी गाड्या आल्या. सरकारनं हात दिला, तोही पुरला नाही. एकेक कारखान्याला कुलूप लागलं. आम्हाला कोणी कळवलंसुद्धा नाही. सुटे भाग यायचे थांबले, तेव्हा समजलं."

शोरूम मोडताना उचललेला पत्र्याचा एक डबा त्यांनी तेव्हापासून जपला होता. झाकणावर ब्रॅमवेलचा सिंह, आत ब्रेकच्या नळीचे कोरे नट. काल मी पुढच्या चाकाकडची नळी बदलली, तेव्हा त्यातलाच एक लावला. जरा जड गेला. इतकी वर्षं पडून राहिलेला आहे, जड जाणारच, असं समजून मी पाना लावून आवळला. ब्रेक दाबून पाहिला. थेंबही गळला नाही.

आता उरलेले नट डब्यात भरताना गाडीचा काढलेला जुना नटही हातात आला. दिसायला जुळे भाऊ. याच गाडीचा एक निकामी जोड बाजूला पडला होता. सहज म्हणून जुना नट त्यात फिरवला, तो बोटानं सरसर आत गेला. नवा फिरवला, तो दोन फेऱ्यांत अडला. आट्यांवरून नख फिरवलं. जुन्याचे बारीक, नव्याचे जाड.

मी दोन्ही नट मनोहररावांसमोर धरले.

"साहेब, पाची कारखान्याचे आटे एकच होते का?"

"छे! म्हटलं ना, चुली..." ते मधेच थांबले. कप खाली ठेवला. "डबा ब्रॅमवेलचाच आहे रे."

"डबा त्याचाच हाय. नट कोणत्या चुलीवरचा हाय?"

त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. नट नुसता दातावर धरून होता. जोरात ब्रेक दाबला की नळी निसटणार, आणि त्या गाडीत चारही चाकांना ब्रेकचं तेल एकाच वाटेनं जातं; एक नळी सुटली की सगळे ब्रेक गेले.

त्यांनी वेदिकाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"चालवताना उचलत नाही ती," ते म्हणाले. "मीच शिकवलंय."

गाडीत तिच्या शेजारी तिची मैत्रीण गुंजन बसली होती. तिनं उचलला.

"आजोबा! उमरेड मागं टाकलं आम्ही. कोळशाचे ट्रकच ट्रक हायेत इथं!"

मी फोन हिसकावला. "पोरी, वेदिकाच्या कानाशी धर. वेदिका, वसंतकाका बोलतो. ब्रेक दाबू नको."

"का? काका, पुढे उतार आहे. पुलाच्या तोंडाशी ट्रक उभा आहे!"

"गिअर खाली घे. तिसऱ्यावर. गाडी वरडन, वरडू दे."

इंजिनाची किंकाळी फोनमधून गॅरेजभर झाली.

"अजून वेग आहे! मी ब्रेक..."

"नाही!" मनोहरराव ओरडले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दुसऱ्यावर घे. आता हँडब्रेक. हळू ओढ, त्याची तार वेगळी हाय. डाव्या अंगाले काय हाय?"

"शेत. चिखल आहे सगळा."

"घाल शेतात!"

धडधड झाली. गुंजन किंचाळली. मग काहीच नाही. फोन चालू होता. एका ट्रकचा हॉर्न जवळ आला आणि लांब गेला. मनोहरराव माझं मनगट धरून "वेदिका, वेदिका" म्हणत होते, देवाचं नाव घ्यावं तसे, हळू.

"थांबली," वेदिका म्हणाली.

मी स्टुलावर बसलो.

"काका, शेवटी सवयीनं पाय पडलाच ब्रेकवर." ती म्हणाली. "पाय सरळ तळाला गेला. पॅडलखाली काहीच नव्हतं."

मनोहररावांनी फोन माझ्याकडून घेतला. "खाली उतर."

"आजोबा, गाडी थांबलीय. आता कसली भीती?"

"उतर म्हणतो ना! दोघी उतरा. लांब व्हा तिच्यापासून."

"अहो, तुमची गाडी..."

"आता ती माझी नाही, ना ती कंपनी आमची," ते म्हणाले. "अजून लांब जा."