देवीचे डोळे आणि पाच व्होल्ट

मंगळवारी न्हावऱ्याच्या देवळात पाय ठेवायला जागा नसे. पाटस-दौंडहून माणसं एसटीनं येत, ती देवी डोळे मिटते ते बघायला. भजनात कुणी पापी माईकवर आला, की आवाज एकदम गप्प होई आणि देवीचे लखलखते डोळे विझत. पापी बाजूला सरला, की आई पुन्हा डोळे उघडी.

"आईला समदं कळतं, बाबांनो!" ईश्वरमहाराज हलक्या, मधाळ आवाजात सांगत. ते बोलताना मात्र देवीनं एकदाही डोळे मिटले नव्हते.

मागं खांबाच्या आडोशाला, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा हौशीराम मान खाली घालून बसे. देवीला कळत असो-नसो, त्याला समदं कळत होतं. डोळ्यांतले दिवे त्यानंच बसवले होते. देवळात प्लग एकच. दुसरी वायर ओढायची तर नव्या टाइल्स फोडाव्या लागणार, आणि टाइल्सवर तर देणगीदारांची नावं! मग त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपच्या एका पायातून, म्हणजे पिनेतून, पाच व्होल्ट काढून देवीला दिले.

ते पाच व्होल्ट चिप स्वतःच्या पोटापुरते तयार करते. एकट्याच्या डब्यावर हौशीरामानं पंगत बसवली होती. आवाज चढला, की चिप उपाशी पडे आणि बंद होई. आवाज गेला, डोळे गेले. म्हणजे पाप एवढंच, की गळा मोठा.

आणि गावात सगळ्यात मोठा गळा हौशीरामाच्या आत्याचा, सरूबाईचा. तीस वर्षं पहिलं पद तिचं. तिच्यावर देवीनं तीनदा डोळे मिटले, तेव्हापासून सहा मंगळवार ती बाहेर चपलांपाशी बसत होती.

"काय केलंस गं, सरू?" बाया विचारत.

"आठवत न्हाई बया. कुणाचं तरी वाईट चिंतलं आसंल."

हौशीराम दर मंगळवारी 'आज सांगतोच' म्हणून येई, आणि महाराजांच्या हातचा नारळ घेऊन घरी जाई.

त्या मंगळवारी हायस्कूलच्या विज्ञानाच्या अनुपमाबाई उठल्या. "महाराज, जरा मोठ्यानं 'उदो उदो' म्हणा की."

"आमी वरडत न्हाई, बाई."

"बरं, मग हे चालेल." बाईंनी मोबाईल माईकला लावला. महाराजांचंच प्रवचन, फुल आवाजात. "आईला समदं क—"

आवाज गप्प. डोळे बंद.

"आगं बया, म्हाराजबी त्यातलंच व्हय?" बायांतली धुरपदा म्हणाली, आणि देऊळ हसलं.

"यंत्रात भानामती हाय!" महाराज ओरडले. पहिल्यांदाच मोठ्यानं.

"यंत्रात काय आहे, ते यंत्रवाला सांगेल," बाई म्हणाल्या.

हौशीराम उठला. झाकण काढून त्यानं लाल तार सगळ्यांना दाखवली, कुठून कुठं जाते ते सांगितलं आणि तोडली. "आत्या, म्हण आता."

सरूबाई आत आली. आवाज कळसापर्यंत चढला, कुठं तुटला नाही. डोळे विझलेलेच होते. देवीचं काही अडलं नाही.

पद संपल्यावर ती वळली. "तार तुझी व्हती व्हय रं?"

"व्हय, आत्या."

"आन् सहा मंगळवार मी माझं पाप हुडकत बसले."

हौशीरामाला वर बघवेना. महाराजांना तारेचा पत्ताही नव्हता. हळू बोललं की डोळे उघडे राहतात, एवढंच त्यांना उमगलं होतं. पत्ता होता तो नारळ घेऊन घरी जाणाऱ्याला.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी वायर कुठं जाते ते बघा. आणि ती आपणच जोडलेली असेल, तर पहिल्याच मंगळवारी सांगा.