खडीची आंघोळ

मृदंग कितीही गोड वाजू द्या, एका टाळकऱ्याचा टाळ चुकला की देवाच्या आधी तो शेजारच्या टाळकऱ्याला कळतो. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, ऐन काल्याच्या कीर्तनात, कानिफनाथाचा टाळ चुकला. शेजाऱ्यानं भुवया उचलल्या. लोकांना वाटलं, उन्हातान्हात रस्त्यावर राबतो, दमला असेल बिचारा. कशानं चुकला ते त्याचं त्याला ठाऊक आणि पांडुरंगाला.

कानिफनाथ घोडेगावच्या बाजूला एका रस्त्याच्या कामावर मुकादम होता. मोठ्या रस्त्यापासून थेट त्याच्याच गावापर्यंतचा सिमेंटचा रस्ता. गावातली जुनी शाळा पाडली होती. तिच्या स्लॅबचं, खांबांचं मोडकं काँक्रीट मशिनीत दळून खडी केली होती आणि तीच या रस्त्यात घालायची होती. ही सारी धनश्री मॅडमची खटपट. पोरगी नवीनच इंजिनियर झालेली. वरचे साहेब म्हणत होते, पडक्या मालाचा रस्ता टिकत नसतो. तिनं चार ठिकाणी भांडून परवानगी आणली होती.

पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना उभं करून समजावलं. "या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं. ते तहानलेलं असतं. तशीच कोरडी घातली, तर नव्या सिमेंटचं पाणी ही पिऊन टाकणार आणि रस्ता आतून कच्चा राहणार. म्हणून आधी हौदात भिजवायची, मग सिमेंट आणि राखेच्या पातळ घोळातून काढायची. तिच्या बारीक भेगा भरतात. मग बघा, नव्या खडीला हार जाणार नाही."

"म्हंजी उटनं लावून आंघोळच की!" गीताबाई घमेलं टेकवत म्हणाली. "आमच्या मालकाला दिवाळीबिगर पाणी लागत न्हाई अंगाला, आन् ह्या दगडाचे लाड बघा!"

सगळे हसले, मॅडमही हसल्या. तेव्हापासून त्या कामाचं नावच पडलं, खडीची आंघोळ.

आंघोळ रोज व्हायची, चुकायची नाही. चुकली ती त्या एकाच दिवशी, काल्याच्या.

मॅडम नगरला गेल्या होत्या. ओढ्याच्या उतारावरचा तुकडा त्या दिवशी ओतायचा होता. हौद भरायला टँकर नुकताच येऊन उभा राहिला, तोच सहादूअण्णा धोतराचा सोगा धरून पळत आले. सप्ताहाची सगळी जबाबदारी अण्णांवर.

"कानिफ, लेका, मंदिराच्या बोरची मोटार जळली! चुलीवर आमटीचं आधन न्हाई. सारी पंचक्रोशी जेवायला येनार हाय. इज्जत जाती बघ आज."

कानिफनं टँकरवाल्याला नुसती मान हलवली. टँकर मंदिराकडं वळला. भुकेल्याच्या पानासाठी पाणी दिलं, इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं.

पुढं चुकलं. काम थांबवणं त्याच्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं असतं, खडी भिजली असती, उतार ओतता आला असता. पण लांबून मृदंगावर थाप ऐकू येत होती. आज पुंजाराम महाराजांचं कीर्तन आणि पहिल्या ओळीत त्याची टाळकऱ्याची जागा. मिक्सरपुरतं पाणी पिंपात होतं. "होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. गीताबाईनं कोरड्या ढिगाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं, आणि घमेलं भरलं.

काम उरकत आलं, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "कानिफभाऊ, उताराची खडी घोळातून काढली ना?"

"व्हय मॅडम," कानिफ म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कीर्तन रंगात आलं. महाराज बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "बाबांनो, तुमची शाळा पडली म्हणून रडू नका. ज्या भिंतींनी तुमच्या पोरांना शिकवलं, त्याच आता पायाखाली येऊन त्यांना मोठ्या शाळेत पोचवणार आहेत. दगडसुद्धा सेवा सोडत नाही!" मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. "आणि ज्यानं आज आपल्या पानात पाणी वाढलं, तो हा कानिफ!"

तिथं टाळ चुकला. ती त्याची शाळा होती. त्याच शाळेत तो बाराखडी शिकला होता, आणि तिलाच आज सकाळी त्यानं तहानलेलं गाडलं होतं. महाराजांनी त्याच्या हातात नारळ दिला. घ्यावा लागला. घरी न्यायला मन होईना, म्हणून त्यानं तो कामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात ठेवला. फावडं घ्यायला वाकलं की नारळ दिसायचा.

उतारावर गोणपाटं टाकून तो पाणी मारायचा, इतरांपेक्षा जास्तच. पण वेळेला न मिळालेलं पाणी मागून कितीही ओता, आत मुरत नाही. गोणपाटं काढली तेव्हा उताराच्या अंगावर केसासारख्या भेगा होत्या. बोटानं घासलं की पांढरी भुकटी निघायची. अलीकडचा, पलीकडचा रस्ता मात्र कातळासारखा.

मॅडमनी हातोडी मारून पाहिली. दुसरीकडं खणखणीत वाजायचं, इथं भद्द. बघायला आलेल्या सहादूअण्णांना राहवलं नाही. "शाळा नापास झाली म्हना की मॅडम!"

त्या हसल्या नाहीत. रस्त्याकडेच्या ओढ्याच्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "शाळा नाही अण्णा, मी नापास झाले. माझंच प्रमाण चुकलंय. कुठं चुकलं ते सापडत नाही. साहेबांना फोन करते, उरलेल्या रस्त्याला नवी खडी मागवा म्हणून. ते म्हणत होते तेच खरं."

त्यांनी मोबाईल काढला. कानिफच्या छातीत टाळ वाजायला लागले. एक फोन, की पोरीच्या कपाळावर शिक्का. आणि मग तालुक्यात कुणी पडक्या काँक्रीटचं नाव काढणार नाही.

"मॅडम, फोन ठिवा," तो म्हणाला. "उताराच्या खडीला आंघोळ न्हाई घातली. टँकर सप्त्याला दिला."

मोबाईल हातातच राहिला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"मग?"

"कीर्तनाला उशीर हुत हुता," कानिफ म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कळलं, किती लहान होतं ते.

सहादूअण्णा मध्ये पडले. "आवं मॅडम, देवाच्या कामाला गेलं पानी. त्यात काय एवढं!"

"अण्णा, पान्याचं न्हाई ओ," कानिफ खाली बघत म्हणाला. "पानी चांगल्याच ठिकानी गेलं."

धनश्री मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "भेगा दिसल्या तेव्हापासून मी माझंच गणित तपासतेय. काल वडिलांना म्हणाले, मला हे काम जमत नाही. परत येते." मग उठल्या, ओढणी नीट केली. "फोडा हे. सगळं. आणि याचीच खडी करा."

ठेकेदाराला जे बोलायचं ते तो बोलला. कानिफनं ऐकून घेतलं. ब्रेकर चालवणारा माणूस होता, तरी पहिली पहार त्यानं स्वतःच्या हातानं घातली. शाळेचे दगड दुसऱ्यांदा फुटले, पुन्हा मशिनीत गेले. तेच दगड.

उतार पुन्हा ओतायच्या सकाळी हौद काठोकाठ भरला होता. गीताबाईनं शेडमधला नारळ आणून पुढं धरला. "फोडा की ओ मुकादम. नवं काम हाय."

"नवं न्हाई, गीताबाई. जुनंच हाय. जिथला तिथं ठिवा."

मॅडम आल्या. रोजच्यासारख्या हौदाशी येऊन थांबल्या. कानिफनं 'व्हय' तोंडात तयार ठेवलं होतं. या खेपेला ते खरं होतं. घोळ त्यानंच ढवळला होता, खडी त्यानंच खालीवर केली होती.

पण मॅडमनी विचारलंच नाही. त्यांनी बाही कोपराच्या वर सारली, राखेच्या घोळात हात घातला, तळातली मूठभर खडी वर काढली आणि एकेक खडा बोटानं घासून पाहायला लागल्या.