चाळलेली राख

गोदाबाईच्या कोंबड्यांच्या अंड्यांचा भारी बोलबाला. कटंगीच्या बाजारात टोपली खाली टेकायच्या आत गिऱ्हाईक हजर. पण लेक पोटुशी आहे असं कळलं आणि बाईनं अंडी विकणंच बंद केलं. "बजारातल्या पांढऱ्या अंड्यात का दम असते? मायी पोरगी घरचीच खाईन," असं तिनं नवऱ्याला, प्रेमलालला, ठणकावून सांगितलं. प्रेमलालची काय बिशाद नाही म्हणायची!

लेक म्हणजे नूतन, एकुलती एक, राजेगावला दिलेली. आधी प्रेमलाल अंडी तिकडेच पोचवायचा. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी आली. रोज सकाळी गोदाबाई उकडलेलं अंडं सोलून, मीठ लावून तिच्या तळहातावर ठेवायची.

"माय, रोज रोज नाही जात न!" नूतन नाक मुरडायची.

"तुले कोण देऊन राह्यलं? माया नातवाले देऊन राह्यली मी. खाय मुकाट्यानं."

आता राखेचं सांगायलाच हवं. कोंबड्यांना उवा पडल्या की खुराड्यात चुलीतली राख पसरायची. कोंबड्या तिच्यात लोळतात, उवा झडतात. गोदाबाईची आई हेच करायची. पण घरात गॅस आला, चूल विझली. मग राख आणायची कुठून? गावाबाहेर एक भट्टी होती. कुठकुठल्या दवाखान्यांचा कचरा गाडीनं यायचा आणि तिथं जळायचा: नळ्या, पट्ट्या, प्लास्टिक, काय काय. धूर गावावर आला की बाया नाकाला पदर लावायच्या, दारं ओढून घ्यायच्या. भट्टीच्या मागं राखेचा हा मोठा ढीग. गोदाबाईला तर घबाडच मिळालं. घमेलं भरून आणायची, कोंबडीच्या पायात काच-सुई जायला नको म्हणून पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळायची आणि खुराड्यात अंथरायची. मैद्यासारखी मऊ राख. कोंबड्या अशा खुशीत लोळायच्या की बघत राहावं.

आठव्या महिन्यात नूतनचं बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. गोदाबाईनं त्याला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि कुणी मागितलं तरी देईना. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं नशीब. नूतन रिकाम्या ओटीनं सासरी गेली.

पुढं भट्टीच्या धुरावरून गावानं ओरड केली, तेव्हा जबलपूरहून काही मंडळी तपासायला आली. त्यांनी माती नेली, अंडीही मागितली. गोदाबाईनं कौतुकानं निवडून मोठीमोठी दिली. काही महिन्यांनी त्यांच्यातली श्रुतिका मॅडम परत आली आणि खुराड्यापाशी उकिडवी बसली.

"अम्मा, ये अंडे अब मत खाना. भट्टी की राख का ज़हर मुर्गी में जाता है, मुर्गी से अंडे में."

गोदाबाईच्या हातात तेव्हा चाळणीच होती. "मेरी बेटी को खिलाए मैंने," ती म्हणाली. "उसका बच्चा..."

"वो किस वजह से गया, ये कोई पक्का नहीं बता सकता, अम्मा."

खरं तेच सांगितलं बिचारीनं. पण आईच्या काळजाला पक्कं काय आणि कच्चं काय! त्याच दिवशी गोदाबाईनं सगळ्या कोंबड्या मारून परसात पुरल्या. नूतनला सांगायला मात्र तिची जीभ रेटली नाही.

नूतनला पुन्हा दिवस गेले. "माय, येऊ न मी?" ती फोनवर विचारायची. गोदाबाई कधी पाठदुखीचं सांगायची, कधी घर दुरुस्तीचं. भट्टी चालूच होती. शेवटी एका दुपारी नूतन पिशवी घेऊन दारातच उभी राहिली.

गोदाबाई उंबऱ्यात आडवी आली. "वापस जाय. सासू करीन तुयं बाळंतपण."

"काहून माय? पयलं गेलं म्हणून? मी तुले पनौती वाटून राह्यली का?"

गोदाबाईनं चौकट घट्ट धरली. मग ती म्हणाली, "हौ. तसंच समज."

"अवं, पाणी तं पिऊ दे लेकराले!" प्रेमलाल ओरडला.

"इथलं पाणी बी नाही."

नूतन वळली. अंगणात रिकाम्या खुराड्यापाशी तिचे पाय थांबले; कोंबड्या चरायला गेल्या असतील, असं तिला वाटलं. "नाही येत मी," ती म्हणाली. "पण बाबूजीच्या हातानं अंडी तं धाडशीन? डाक्टर म्हणते, अंगात खून कम आहे. मांगं मी नाक मुरडत होती. आता नाही मुरडणार, माय. सगळी खाईन."

गोदाबाई उंबऱ्यावरच कोसळली. "नको गं बाई, नको! मीच चारलं त्याले. माया या हातानं चारलं." आणि मग राख, चाळणी, मॅडम, पुरलेल्या कोंबड्या, सगळं हुंदक्यांतून बाहेर पडलं.

नूतननं सगळं ऐकून घेतलं. नुसती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. भट्टीकडून वारा फिरला, तसा धूर अंगणात उतरायला लागला. तिनं पिशवी उचलली, पोटावर हात ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागली.

आईच्या दारातून जाताना लेकीनं नाकाला पदर लावला होता. गोदाबाईनं ते पाहिलं, आणि रडता रडता तिला वाटलं, बरं केलं पोरीनं.