पुलाच्या अलीकडे

"डावीकडे खड्डा, दादा. हं, आता सरळ. पुढे दोन बायका चालल्यात, उजवीकडून काढू," धाकटा म्हणाला, आणि दोघांच्या मनगटांमधली दोरी जराशी उजवीकडे ओढली गेली.

"चालल्यात म्हणजे? चालत चाललेल्या बायकासुद्धा आपल्या पुढे आहेत होय?" दादानं धापा टाकत विचारलं. "आता एखादा म्हातारा तेवढा आपल्याला ओलांडून जायचा राहिलाय."

बोलाफुलाला गाठ पडावी तशी मागून खुळखुळ आली. खिशातला किल्ल्यांचा जुडगा प्रत्येक पावलागणिक वाजत होता.

"बाजूला व्हा मंडळी, गाडी आली!" एक खरखरीत आवाज म्हणाला.

"आजोबा, तिजोरी घेऊन पळताय की काय?"

"घराच्या किल्ल्या आहेत रे बाबा. कुठली कुठल्या दाराची ते या वयात आठवत नाही, म्हणून अख्खा जुडगाच घेऊन निघतो. चला, पुलावर भेटू!" आजोबा खुळखुळत पुढे गेले आणि बराच वेळ ऐकू येत राहिले. दादाला हसू आलं. हसल्यानं बरगडीत कळ आली, पण तिचंही त्याला काही वाटलं नाही. आज सगळंच चालणार होतं.

दादा जन्मापासून आंधळा. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्याची नोकरी. तिथं त्याला सगळे 'एक्स्चेंज' म्हणत आणि त्यालाही ते आवडे. आंधळ्यांचे कान फार तिखट असतात, असं ज्याला त्याला वाटतं. दादा म्हणे, "कसले तिखट! आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या बायको मोजते, मी मोजल्या की भाताची पेज होते." बोर्डावर मात्र तो पक्का होता. कुणाला कुठं जोडायचं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पळायला शिकवलं बायकोनं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं बुटाची जुनी नाडी दोघांच्या मनगटांना बांधली आणि म्हणाली, "ओढणार नाही. फक्त सांगेन. ऐकायचं की आपटायचं ते तुझं तू ठरव." आणि काय सांगायची ती! समोरून कोण येतंय, त्याचा सदरा कुठं उसवलाय, कुणाच्या गॅलरीत नवरा-बायको अबोला धरून चहा पितायत. पळणं राहायचं बाजूला, दादाची हसून पुरेवाट व्हायची. रोज सकाळी नदीच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं आणि तिथून माघारी. त्यापुढे तिला ड्यूटीची घाई असायची. "पुलावर खालून वारा येतो, पाय पोकळीवर पडल्यासारखे वाजतात," ती सांगायची. "एकदा नेईन तुला पलीकडे." मग ती आजारी पडली, आणि ते 'एकदा' काही आलं नाही.

आजची अर्धी मॅरेथॉन इस्पितळातल्या, ती शेवटी जिथं होती त्याच वॉर्डासाठी होती. धाकटा ज्या औषध कंपनीत होता, ती कंपनी वॉर्डाला नव्या खाटा देणार होती. रस्ता नदीकाठानं जाऊन पूल ओलांडणार, पलीकडून वळसा घालून परत येणार. हे कळल्याबरोबर दादा म्हणाला होता, "मी पळणार." घरचे हबकले. धाकटा मात्र म्हणाला, "मी बांधतो दोरी." चार महिने तो पहाटे उठून आला. अंगातला बनियन त्यानंच छापून आणला, पाठीवर वहिनीचा फोटो. "कसा आलाय रे?" दादानं विचारलं. "मस्त आलाय. बघतेय तुझ्याकडेच." दादा त्या दिवशी बोर्डावर दिवसभर गुणगुणत होता.

आता रस्ता डावीकडे वळला. पायाखाली खडी आली, मग फरशी, मग पुन्हा डांबर. समोरून येणाऱ्या धावणाऱ्यांचे आवाज कुठं तरी एकदम बाजूला आले.

"पूल आला का रे?"

"जवळ आला. तू श्वास सांभाळ."

दादानं श्वास सांभाळला. खालून वारा येण्याची वाट पाहत राहिला. पाय वाजायची वाट पाहत राहिला. बरंच पळून झाल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "अरे, पूल?"

"झाला की मघाशीच!"

"झाला? कळलं नाही मला."

"कळणार कसं? नवा केलाय ना आता. एकदम गुळगुळीत. तुला दमायला झालंय, लक्ष गेलं नसेल. आता आपण परतीला लागलोय, दादा!"

दादा पळत राहिला. दोरीच्या ज्या टोकाला दिसतं त्यानं बोलायचं आणि दुसऱ्यानं मानायचं, हाच या धंद्याचा कायदा. मानलं नाही तर पुढचं पाऊल उचलणारच कसं? आणि मानायला आज त्याचं मनही आसुसलेलं होतं. बघ गं, ओलांडला, तो मनात म्हणाला. तू म्हणायचीस तसा काही पोकळ नाही राहिला आता. त्याच्या पायांत कुठून तरी नवी ताकद आली. मैदानात शिरताना तो धाकट्याच्या पुढे होता, आणि दोरीनं धाकट्यालाच ओढत होता.

टाळ्यांचा पाऊस पडला. कुणी गळ्यात पदक घातलं, कुणी पाठ थोपटली. धाकट्यानं घाईघाईनं त्याला पायऱ्या चढवून स्टेजवर नेलं. कंपनीचे मोठे साहेब तिथं होते. हात मऊ, अत्तराचा वास. "यांना बोलू द्या, दोन शब्द," साहेब म्हणाले आणि माइक दादाच्या ओठांना लागला.

इतकी माणसं समोर असताना दादा पहिल्यांदाच बोलत होता. बोर्डावर एका वेळी एकच माणूस असतो.

"माझी बायको मला रोज पुलापर्यंत आणायची," तो म्हणाला. "पलीकडे न्यायचं राहून गेलं तिचं. आज मी पूल ओलांडून आलोय. एवढंच."

मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. पुढं बसलेली एक बाई हुंदके देत होती ते दादाला स्पष्ट ऐकू आलं. फोटो निघाले. साहेब कुणाला तरी म्हणाले, "चला, विमान चुकेल," आणि गाड्या सुरू झाल्या.

धाकट्यानं त्याला तंबूमागं सावलीत खुर्चीवर बसवलं. दादानं बूट सैल केले, पाय पसरले. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि बऱ्याच वेळानं, मैदानाच्या फाटकाकडून, खुळखुळ आली.

दादानं मान वर केली. खुळखुळ थकली होती, फरफटत होती, पण तीच होती. ती टाळ्यांमधून जवळ आली, तंबूला वळसा घालून मागं आली आणि शेजारच्या खुर्चीवर धप्पकन बसली.

"अरेच्चा!" आजोबा म्हणाले. "तुम्ही कधी आलात? पुलावर तर दिसला नाहीत. जाताना नाही की येताना नाही. मी म्हटलं, दिला वाटतं सोडून."

"आम्ही तुमच्या मागं होतो," दादा म्हणाला.

"हो ना. मग पुढं कधी गेलात?"

दादानं मान धाकट्याकडे वळवली. आजोबांच्याही काही तरी लक्षात आलं असावं. "मी जरा लिंबूपाण्याचं बघतो," असं पुटपुटत ते किल्ल्या मुठीत दाबून उठले, वाजू नयेत म्हणून.

दोरी अजून दोघांच्या मनगटांना तशीच होती.

"कुठून वळवलंस?" दादानं विचारलं.

"दादा, ऐक..."

"कुठून?"

"पुलाच्या अलीकडे एक गल्ली आहे. तिथून." धाकट्याचा आवाज बारीक झाला. "साहेबांचं विमान होतं रे. आपण वेळेत पोचलो नसतो. फोटो तुझ्याबरोबरच हवा होता त्यांना. खाटांची घोषणा त्यावरच होती. माझी बढतीही..." तो थांबला. "आणि तुझी हालत बघवत नव्हती. म्हटलं, काय फरक पडतो? तू एवढं पळालासच ना?"

"फरक पडत नाही, तर मग विचारायचं होतंस. मी पाय धरून नको म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"मला तिच्या नावानं खोटं बोलायला लावलंस तू. भर मैदानात. माइकवरून." दादाचा आवाज चढला नाही, पण खुर्चीचा हात त्यानं घट्ट धरला होता. "रस्ता चुकला असता तर हसलो असतो रे. आपटवलं असतंस तरी चाललं असतं. माझ्या आंधळेपणाचा फायदा आजवर परक्यांनी घेतला. रिक्षावाल्यांनी, दुकानदारांनी. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आज तू घेतलास."

धाकटा रडायला लागला. "चुकलो, दादा. शंभरदा चुकलो. पण बाकी कधी काही खोटं सांगितलंय का मी तुला?"

हे तो बोलून गेला, आणि दादाला इस्पितळातला जिना आठवला.

ती गेली तेव्हा दादा त्याच इमारतीत, तीन मजले खाली बोर्डावर बसला होता. वरून फोन आला आणि तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्याजवळ होता तो धाकटा. जिन्यातच त्यानं दादाला मिठी मारून सांगितलं होतं, वहिनी झोपेत गेली, काही त्रास झाला नाही, तोंडावर हसू होतं. त्या हसण्यावर दादानं आजवरच्या रात्री काढल्या होत्या.

"ती गेली त्या दिवशी," दादा सावकाश म्हणाला, "हसू होतं म्हणालास. होतं का?"

"होतं, दादा."

"खरं सांग. कसं का असेना, मला चालेल."

"आईशप्पथ होतं. अगदी शांत झोपली होती वहिनी."

दादा ऐकत होता. आवाज मऊ होता, दमलेला होता, मायेनं ओथंबलेला होता. पूल झाला की मघाशीच, हे सांगतानाही तो असाच होता. दादानं त्यात कुठं फट सापडते का ते पाहिलं, मग फट नाही याची खात्री पटते का ते पाहिलं. दोन्ही जमेना.

स्टेजवरून पुढची नावं पुकारली जात होती. लोक टाळ्या वाजवत होते.

"पाणी दे," दादा म्हणाला.

धाकट्यानं लगबगीनं खुर्चीखालची बाटली उचलली आणि त्याच्या हातात दिली. "घे. झाकण काढलंय, दादा."

दादानं आधी झाकणाच्या जागी अंगठा फिरवून पाहिला. मग बाटली तोंडाला लावली.