दाराच्या पोटातला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. अर्धाच आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, लपवले.

मित्रांनो, कुरोताकी डोंगरात चांदीच्या खाणी जोरात होत्या, तेव्हा मोजणीदारांनी दोन वर्षे खपून मला काढले. डोंगराचा चढउतार, खाणीची वाट, पाणी बाहेर सोडणारा बोगदा, सगळे माझ्या अंगावर होते. मुकादम माझ्यापुढे गुडघे टेकून बसत. मग चांदी संपली, कचेरी बंद पडली आणि मी रद्दीत गेलो. ओत्सुने नावाची बाई सरकत्या दारांना कागद लावायची. वरच्या चांगल्या कागदाखाली जुन्या कागदाचे थर द्यावे लागतात. तिने मला मधोमध कापले. एक अर्धा, म्हणजे मी, गावप्रमुखाच्या दाराच्या पोटात गेलो, दुसरा कुठे गेला ते तिलाही आठवत नाही. तीस वर्षे मी खळीच्या वासात, अंधारात काढली.

पुढे उरलीसुरली चांदी काढायला खाण पुन्हा उघडली आणि एका सकाळी तिच्यात पाणी घुसले. आत सहा माणसे अडकली. त्यांत ओत्सुनेचा मुलगा कुमाझो होता. आतून दगडावर ठोके ऐकू येत होते. पाण्याचा जुना बोगदा उघडला तर ती वाचणार होती, पण त्याचे तोंड कुठे गाडले गेले, हे सांगणारे कुणी जिवंत नव्हते. ओत्सुनेला डोंगराचे चित्र असलेला तो मोठा कागद आठवला. ती सुरी घेऊन गावप्रमुख साकिचीच्या घरात शिरली.

"काकू, डोकं ठिकाणावर आहे का? आजोबांच्या वेळचं दार आहे ते."

"दार परत करून देईन रे. मुलगा कुठून करून देऊ?"

तिने ओल्या फडक्याने मला सोडवले. बोगद्याची निळी रेघ सापडली. वळणे घेत ती कापलेल्या कडेपर्यंत आली आणि संपली.

"इथं मीच सुरी फिरवली," ओत्सुने म्हणाली. "सरळ कापावं म्हणून पट्टी धरली होती."

लोकांनी घराघरांतली दारे फाडली. जुनी पत्रे निघाली, माझा दुसरा अर्धा निघाला नाही. शेवटी माझी रेघ अंदाजाने पुढे ओढून ते खणू लागले. बोगदा पुढे वळतो एवढे मला आठवत होते. कुठे वळतो, ते त्या दुसऱ्या अर्ध्याला ठाऊक. मी तडफडत पडून राहिलो. दीड दिवस चुकीच्या जागी गेला. तिसऱ्या दिवशी ठोके थांबले. चौथ्या दिवशी तोंड सापडले, पाणी उतरले. चार जणांचा श्वास चालू होता. कुमाझो त्यांत नव्हता.

आता मी शाळेच्या भिंतीवर असतो. ओत्सुनेने माझ्या कडेला कोरा कागद जोडला आणि उरलेली रेघ स्वतः काढली. रेघ थरथरती आहे, पण तोंडाची जागा बरोबर आहे.

मित्रांनो, जुना कागद कापण्याआधी एकदा वाचा. तिला वाचता येत नव्हते. तुम्हाला येते.