एका बरणीतल्या गोळ्या

धाकटीच्या आईचा पाय साखरेनं गेला होता, म्हणून स्वतःला पीसीओएस हा पाळीचा विकार निघाल्यावर ती हादरली. अंगात इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देईना, म्हणजे पुढे साखरेचीच भीती. थोरल्या जावेचंही तेच. दोघी इस्पितळातल्या एका अभ्यासात सामील झाल्या. एकीला अ‍ॅक्युपंक्चरच्या खऱ्या सुया आणि खोट्या गोळ्या, दुसरीला खऱ्या गोळ्या आणि खोट्या सुया. कुणाला काय, ते शेवटी कळणार. धाकटीला तेवढंच हवं होतं. आपल्याला काय लागू पडतं?

मग थोरलीचं पोट बिघडलं. "अस्सल औषधच असं पोटाला लागतं," ती संडासातून बाहेर येत ऐटीत म्हणाली. जुलाबाचा एवढा तोरा कुणी मिरवला नसेल. धाकटीला काहीच होईना, म्हणून ती फुगून बसली.

सासूबाईंना न्यायनिवाड्याची भारी हौस. गोळ्या देण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतंच. आता त्यांनी दोघींच्या बाटल्या एका बरणीत ओतल्या, बरणी खळखळून हलवली आणि त्यातूनच वाटप सुरू केलं. शेवटच्या तपासणीच्या सकाळी धाकटीनं परत द्यायला बाटल्या मागितल्या, तर त्यांत बटणं भरलेली आणि दोघींच्या गोळ्या एकाच बरणीत. ती रंगाच्या दुकानात कामाला होती. एकत्र ओतलेले दोन डबे पुन्हा वेगळे होत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टर भलतेच खुशीत होते. "दोघींचे आकडे सारखेच उतरले. म्हणजे सुया गोळ्यांच्या तोडीस तोड."

धाकटीनं बरणीचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलू नका."

"मग मला नेमका कशानं फरक पडला?"

"पडला ना? झालं तर मग."

एवढं शिकून हा माणूस शेवटी सासूबाईंच्याच पठडीतला निघाला.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "सारखेच उतरले ना? मला दोघी सारख्या, मी आधीपासून सांगतेय."

"यापुढे मी काय घ्यायचं?"

"आहेत की अजून बरणीत."

धाकटीनं चपला काढल्या आणि स्वतःच्या धडधाकट पायांकडे बघत राहिली. तिला सासूबाईंची चीड आली, जावेची आली, डॉक्टरांची तर फारच आली. पण सगळ्यात जास्त स्वतःची आली. फुगून तीच बसली होती.