सांध्याबाहेर राहिलेला नळा

मी एक जुना तांब्याचा नळा आहे. नळ नव्हे, नळा. पाण्याच्या नळाशी माझं काही नातं नाही. उलट पाणी हा माझा जन्माचा वैरी. मी लांबीला माणसाएवढा, जाडीला मांडीएवढा आणि दोन्ही तोंडांनी उघडा जन्मलो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्याखाली, वाळूखाली आणि सिमेंटच्या फरश्यांखाली मी पडून असतो. तुमच्यापैकी काहीजण रोज माझ्या डोक्यावरून सायकल दामटत जातात. जाईनात का बापडे. पण मित्रांनो, आज जरा पाय टेकवा आणि माझी हकिकत ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या लेथवाल्याने मला आतून इतकं घासलं, की शेवटी तो हसून म्हणाला, आता याच्यातून मुंगीसुद्धा घसरून पडेल. माझं एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही, म्हणून सांगून ठेवतो. मग मला कागदात गुंडाळलं, लाकडी पेटीत घातलं आणि ट्रकमधून इथे किनाऱ्यावर आणलं.

इथे मोठं काम चाललं होतं. दूरच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी होती. तिथली वीज रस्त्यांखालून, शेतांच्या बांधांखालून, नदीच्या पात्राखालून समुद्रापर्यंत आणायची आणि मग समुद्राच्या तळावरून समोरच्या बेटावर न्यायची, असा तो बेत. मनोरे नाहीत, तारा नाहीत, एक झाड तोडायचं नाही. बेटावर तेव्हा डिझेलची इंजिनं धडधडायची. दोरीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळी काजळी घेऊन घरात यायची. समुद्र खवळला की डिझेलची बोट येत नसे, आणि मग अर्ध्या गावाला मेणबत्त्या शोधाव्या लागत.

जमिनीखालून आलेली केबल आणि समुद्रातून आलेली केबल जिथे एकमेकींना भेटतात, तो सांधा म्हणजे या सगळ्या लाइनची नाजूक जागा. आत तांब्याला तांबं जोडायचं, त्यावर थरावर थर गुंडाळायचे आणि सगळ्यांत वर मला ओढून घ्यायचं. माझी दोन्ही तोंडं डाग देऊन बंद केली, की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. पाणी गेलं तर मात्र आज ना उद्या लाइन बसलीच.

आता यात एक गोम आहे. मी अखंड आहे, मला कुठे शिवण नाही. त्यामुळे दोन टोकं जोडण्याआधीच मला एका केबलीवर चढवून मागे सरकवून ठेवावं लागतं. बांगडी हात मोकळा असतानाच घालायची असते. दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि तो कायमचा सोडायचा नाही असं ठरलं, तर बांगडी कुठून घालणार? म्हणून केबल जोडणाऱ्या जॉइंटर लोकांची एक रीत आहे. जोडण्याआधी एकाने मोठ्याने विचारायचं, ‘नळा चढवला?’ दुसऱ्याने माझ्या अंगाला हात लावूनच सांगायचं, ‘चढवला.’ कितीही मुरलेला कारागीर असो, ही रीत कोणी मोडत नाही.

माझ्या नशिबी आलेले दोन जॉइंटर म्हणजे सासरा आणि जावई. सासऱ्यांना सगळी साइट उस्ताद म्हणायची. हात सोन्याचा, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जावयाला सगळे जावईबापूच म्हणत, अगदी चहावालासुद्धा. काम तो उस्तादांकडूनच शिकला होता, आणि उस्तादांची एकुलती एक लेकही त्यानेच नेली होती. दोघांचं एरवी तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना असं चाले.

पण माझी पेटी उघडली, त्या आठवड्यात मात्र घरात ठिणगी पडली होती. बेटावरच्या वीजकेंद्रात लाइनची देखभाल करायला जावयाला कायमची नोकरी मिळाली होती. लेक तर आधीच पुढे जाऊन, तिकडे घर लावून बसली होती. उस्तादांना हे सगळ्यांत शेवटी कळलं. बायको गेल्यापासून त्यांना लेकीशिवाय कोण होतं हो? ते संतापून एवढंच म्हणाले, की माझी मुलगी पाण्यापलीकडे न्यायची होती तर मला विचारायचं तरी. त्यानंतर त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं. जावईही काही कमी हट्टी नव्हता, त्यानेही तोंडाला कुलूप घातलं.

सांधा करतात तो तंबू केवढासा. दारात चिकट पायपुसणं, अंगात पांढरे झगे, डोक्याला टोप्या. केस, धूळ, घामाचा थेंब, काहीही आत पडून चालत नाही. अशा जागेत दोन माणसं अंगाला अंग लावून बसलेली आणि एकमेकांशी अबोला! मग बोलायचं कसं? तर माझ्याशी. मी टेबलावर पडलेला होतो. उस्ताद माझ्याकडे बघून म्हणत, कोणाला वेळ असेल तर बारीक पॉलिशपेपर मिळेल का. जावई माझ्याकडेच बघून सांगे, की पेपर मघाशीच डाव्या हाताला ठेवलेला आहे. मला सुरुवातीला मोठी गंमत वाटली. दोघांमधला मध्यस्थ म्हणून माझी कॉलरच ताठ झाली म्हणा ना.

आणि त्या नादात व्हायचं ते झालं. टोकं जोडायची वेळ आली. ‘नळा चढवला?’ हे माझ्याकडे बघून कसं विचारणार? ते माणसाला विचारायचं असतं. उस्तादांना वाटलं, जावयाने चढवला असेल. जावयाला वाटलं, मामांनी चढवला असेल. मी टेबलावर पडल्या पडल्या मनातल्या मनात ओरडत होतो. पण तांब्याचा आवाज कोणाला ऐकू जातो? तांबं तांब्याला जोडलं गेलं. मग त्यावर थर चढू लागले, काळजीने, एकेक थर पुसून, तपासून. आता माझ्याकडे बघून बोलायलाही कोणाला उसंत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एक देखणा सांधा तयार होत होता आणि मी बाहेर होतो.

शेवटचा थर झाल्यावर उस्तादांनी मला पुढे ओढायला केबलीवर हात मागे नेला. हात रिकामाच सरकत गेला. त्यांनी मागे पाहिलं, पेटीत पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग त्यांची नजर टेबलावर माझ्याकडे आली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 

उपाय एकच होता. सगळा सांधा कापून टाकायचा आणि पहिल्यापासून नवा करायचा. पण कापलं की केबल आखूड होते, आणि जादा केबल ठेवली होती ती जेमतेम. नाही पुरली, तर समुद्रमार्गे नवा तुकडा आणायला जहाज हवं, आणि वादळी हवा तोंडावर आली होती. बेटाला आणखी एक वर्ष इंजिनांवर काढावं लागलं असतं. वर उस्तादांचा एकही सांधा आजवर कापावा लागला नव्हता.

उस्तादांनी बारीक दात्यांची करवत उचलली आणि माझ्या पाठीवर लांबीने टेकवली. मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं ते कसं सांगू? मी भयंकर घाबरलो. मग ते बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी नाही, जावयाशी बोलले.

“उभा चिरू. बाहेरून बसवू आणि शिवण डागून टाकू. वर काळा लेप बसला की कोणाच्या बापाला कळणार नाही.”

जावयाने करवतीखालच्या माझ्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “टिकेल किती?”

“काही वर्षं टिकेल. माझ्या हयातीत तरी काही होत नाही.”

“मी तिकडेच असणार आहे, मामा,” जावई म्हणाला. “आणि तीही.”

करवत माझ्या पाठीवर तशीच होती. उस्तादांचा हात तिच्या मुठीवर होता. त्यांनी ती ओढली नाही. बाजूला ठेवली, झगा काढला आणि ते तंबूबाहेर गेले. जावई त्यांच्यामागून गेला.

बाहेर इंजिनियरबाई होत्या. साऱ्या किनाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. उस्तादांनी त्यांना सरळ सांगितलं, की नळा चढवायचा राहिला, चूक माझी आहे. जावई म्हणाला, माझीही. बाईंचा चेहरा उतरला.  मग म्हणाल्या, की कोणाची चूक ते मागाहून बघू, आधी टेप आणा, केबल किती उरते ते मोजू.

मोजली, आणि ती वीतभर कमी पडत होती. मग खड्ड्यातली वाळू हातांनी उपसून केबलीचं वळण सरळ करायला लागले. साइटवरचं झाडून सगळं माणूस आलं. स्वयंपाकी आला, ट्रकवाला आला, बाईंनी स्वतः बाह्या वर केल्या. जोराने ओढलं तर केबल आतून दुखावते, म्हणून लहान बाळाला कुशीवर वळवावं तशी ती हळूहळू वळवायची. वीतभर अंतर मिटायला दिवस गेला. शेवटी टोक टोकाला लागलं, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जागच्या जागी वाळूत बसले.

दुसऱ्यांदा तंबूत रीत पाळली गेली. उस्तादांनी विचारलं आणि जावयाने माझ्यावर दोन्ही हात ठेवून उत्तर दिलं. उस्तादांचं समाधान झालं नाही, त्यांनी स्वतः येऊन मला एक चापट मारून पाहिली. मी जागेवर होतो. मग पुढचे दिवस दोघं सतत बोलत होते. भांडतसुद्धा होते, पण एकमेकांशी.

लाइन सुरू झाली त्या दिवशी उस्ताद खड्ड्याच्या काठावर बसले होते. लेकीचा फोन आला. ती म्हणाली, की बाबा, इंजिनं थांबली, आता इतकं शांत आहे की शेजारच्यांचं घड्याळ ऐकू येतंय. उस्ताद फक्त हं म्हणाले.  त्या चुकीची किंमत त्यांनी मोजली. मोठ्या लाइनवर त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. पण जावयाला किंवा लेकीला त्यांनी कधी बोल लावला नाही.

मग माझ्यावर माती पडली, रस्ता झाला, आणि लोक मला विसरले. किती उन्हाळे गेले, मला खाली काय कळणार? माझ्यातून वीज जाते, मी कोमट राहतो, आणि पाणी बाहेर राहतं. वर एक दगड होता, ‘खाली केबल आहे’ असं लिहिलेला. कोणीतरी गाडी मागे घेताना तो पाडला. पडला तर पडला, म्हणून पुन्हा कोणी उभा केला नाही.

आणि परवा माझ्या डोक्यावर धाडधाड सुरू झाली. गटाराचं काम निघालं होतं, आणि खणायचं मशीन आलं होतं. खाली काय आहे, हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मशीनच्या दातांनी पहिली फरशी फोडली, दुसरी फोडली. मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात वर धावती पावलं वाजली. ‘थांबा!’ म्हणणारा आवाज ओळखीचा होता, फक्त थकलेला. जावई होता. बेटावरून तपासणीला आला होता, आणि धापा टाकत मशीनच्या पुढे उभा राहिला होता.

ड्रायव्हर वैतागून म्हणाला, बाजूला व्हा काका, लाइट गेली तर तासाभरात येईल, त्यात काय एवढं.

जावई म्हणाला, “माझे सासरे तिकडे माझ्या घरी आहेत. त्यांना श्वासाला मशीन लागतं. तो श्वास इथून जातो.”

खणायचं मशीन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने फावडं मागितलं. दोघांनी मिळून माझ्यावरची माती हाताने बाजूला केली, मला पुसलं आणि तपासलं. एक ओरखडा होता, बाकी मी धड होतो. जावयाने लगेच घरी फोन लावला आणि मामा कसे आहेत ते विचारलं. पलीकडून बहुतेक मामांचाच ओरडा बसला असावा, कारण तो हसला.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जमीन खणण्याआधी खाली कोण आहे ते विचारा. दगड पडलेला दिसला तर उभा करा. चूक झाली, तर ती झाकण्याआधी सांगून टाका, मग कितीही कापावं लागलं तरी चालेल. आणि घरात रुसवा असला, तरी कामाचं बोलणं टाकू नका. आता माझ्यावर पुन्हा फरश्या बसतायत. नीट बसवा म्हणावं, पलीकडे एक म्हातारा माणूस श्वास घेतोय.